पंडिता रमाबाई : विद्येचे दान आणि सेवेचे जीवन

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या आणि एकोणिसाव्या शतकातील स्त्रीजीवनाच्या अभ्यासात पंडिता रमाबाईंचे नाव अटळपणे येते. त्यांची संस्कृत विद्वत्ता, त्यांचे धर्मांतर, त्यांनी उभारलेल्या संस्था आणि त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर यांचा स्वतंत्रपणे विचार पुष्कळ झाला आहे. प्रस्तुत पाठात या सर्व घटनांकडे एकाच दृष्टीने पाहावयाचे आहे. ख्रिस्ती विचारात मनुष्याच्या अंगी असलेला गुण हे ईश्वराचे कृपादान मानले जाते. ते ज्याला मिळाले तो त्याचा मालक नसून केवळ कारभारी असतो, आणि इतरांच्या सेवेसाठी ते खर्च करणे हे त्याचे कर्तव्य ठरते. चाकरांच्या हाती आपले धन सोपवून परदेशी गेलेल्या धन्याचा शुभवर्तमानातील दृष्टान्त हाच बोध करतो. त्यात दोष लागतो तो धन उधळणाऱ्याला नव्हे, तर ते जमिनीत पुरून ठेवणाऱ्याला.

रमाबाईंना मिळालेले धन म्हणजे विद्या. ज्या काळी ही विद्या बहुसंख्य स्त्रियांना निषिद्ध होती त्या काळी ती त्यांना लाभली. तिचे त्यांनी काय केले आणि त्यासाठी कोणती किंमत मोजली, हा या पाठाचा विषय आहे.

१. वारशाने मिळालेली विद्या

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या अरण्यातील गंगामूळ येथे झाला. हे स्थान आजच्या कर्नाटकात येते. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, व्युत्पन्न संस्कृत पंडित. तरुणपणी पुण्यात अध्ययन करीत असताना त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. स्त्रीला संस्कृत शिकता येते, हे त्यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिले आणि आपल्या पत्नीलाही ते शिकवायचे असा निश्चय केला. द्वितीय पत्नी लक्ष्मीबाई यांच्या बाबतीत तो सिद्धीस गेला. या कृत्याबद्दल शास्त्रीपंडितांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्राधार दाखवून त्यांनी आपली बाजू मांडली. तरी समाजाचा रोष पूर्णपणे मावळला नाही, म्हणून त्यांनी अरण्यात घर करून तेथेच अध्यापन चालविले.

रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असताना कुटुंबाने ते घर सोडले. पुढील सारे बालपण तीर्थयात्रेत गेले. देवळाच्या आवारात वा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, श्रोत्यांनी दिलेल्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा हा क्रम होता. या भटकंतीत लक्ष्मीबाईंनी कन्येला शिकविले. पहाटे उठवून त्या मुलीकडून पाठ करून घेत. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले होते. व्याकरण आणि कोशही त्यांनी आत्मसात केले. हा तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पित्याने पत्नीला दिले, पत्नीने कन्येला दिले, आणि कन्येने पुढे ते हजारोंना दिले. रमाबाईंच्या हाती आलेली विद्या ही मुळातच कोणीतरी समाजाचा रोष पत्करून दिलेली होती.

२. भुकेपुढे असहाय झालेली विद्या

अठराशे सत्तरच्या दशकात दक्षिण भारतात दुष्काळाने थैमान घातले. अनंतशास्त्र्यांनी होते ते धन दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत संपविले होते. दक्षिणा देणारे श्रोतेच अन्नाला महाग झाले. कुटुंबातील कोणालाही अंगमेहनतीचे काम येत नव्हते, आणि जातीच्या अभिमानामुळे ते मागण्यासही मन धजत नव्हते. थोड्याच अवधीत पिता, माता आणि थोरली बहीण अशी तिघे काळाच्या पडद्याआड गेली. उरले ते रमाबाई आणि बंधू श्रीनिवास. अन्नावाचून, पुरेशा वस्त्रावाचून ही भावंडे शेकडो कोस पायी हिंडली.

या अनुभवाने रमाबाईंच्या मनावर दोन खोल ठसे उमटविले. एक म्हणजे, उपासमार ही त्यांना ग्रंथातून वा वार्तेतून कळलेली नव्हती. ती त्यांनी भोगली होती. दुसरा ठसा असा की, हातांना काम न शिकविणारी विद्या संकटात माणसाला तारू शकत नाही. पुढे केडगावी त्यांनी अक्षरांच्या जोडीला प्रत्येक मुलीच्या हाती एखादा व्यवसाय दिला, त्याचे मूळ या दुष्काळातील दिवसांत शोधावे लागते.

३. कोलकाता, पुणे आणि विद्येचा पहिला विनियोग

१८७८ मध्ये भावंडे कोलकात्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी त्यांचा गौरव केला. वीस वर्षांच्या या तरुणीची कीर्ती सर्वत्र पसरली. येथे त्यांना मान, आश्रय आणि निर्वाह यांची सहज प्राप्ती झाली असती. परंतु त्यांचे जीवन वेगळ्याच दिशेने वळले. पडद्यातील स्त्रियांना धर्माचे व्याख्यान देण्यास त्यांना सांगण्यात आले. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्रांचे अध्ययन केले. अनेक बाबतींत परस्परविरोधी असणारे हे ग्रंथ स्त्री आणि शूद्र यांच्या अनधिकाराबाबत मात्र एकमत आहेत, असे त्यांना दिसून आले. ज्या विद्येने त्यांना मान दिला होता, तिनेच हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा केला.

१८८० मध्ये बंधू श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधावी हे ब्राह्मणेतर असल्याने हा विवाह आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय होता. १८८१ मध्ये कन्या मनोरमेचा जन्म झाला. १८८२ च्या प्रारंभी पटकीच्या विकाराने मेधावींचा मृत्यू झाला, आणि तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या. १८८२ या एकाच वर्षात त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली. स्त्रियांना शिकविण्यासाठी शिक्षिका हव्यात आणि त्यांच्यावर उपचार करण्यासाठी स्त्री वैद्य हव्यात, हे त्यांच्या साक्षीचे सार होते. आपण स्वतः वैद्यकी शिकावी, अशी त्यांची आकांक्षा होती. ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून आलेल्या पैशाच्या आधारे १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडची वाट धरली.

४. ख्रिस्ती धर्माचा स्वीकार आणि दानाची नवी दृष्टी

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाच्या मठात त्यांची व्यवस्था झाली होती. श्रवणशक्ती क्षीण होत चालल्यामुळे वैद्यकीचे शिक्षण मात्र अशक्य ठरले. हवा असलेला मार्ग बंद झाला, तेव्हा हाती असलेल्या गुणाकडेच त्यांना वळावे लागले. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतः इंग्रजी, गणित व विज्ञान यांचा अभ्यास करू लागल्या.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. या निर्णयामागे मराठी ख्रिस्ती विचारवंत फादर नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचा प्रभाव होता. परंतु त्याहून खोल परिणाम केला तो एका प्रत्यक्ष दर्शनाने. लंडनमधील फुलहॅम येथे भगिनीसंघाचे एक आश्रयगृह होते. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागविले जात असे. ज्यांना आपल्याकडे गावाबाहेर घालविले असते, त्यांची सुशिक्षित, कुलीन स्त्रिया सेवा करीत आहेत, हे दृश्य रमाबाईंना नवे होते. या स्त्रियांना हे कोणी शिकविले, असा प्रश्न त्यांनी केला. उत्तरादाखल त्यांना विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची ख्रिस्तकथा वाचून दाखविण्यात आली. विद्या, शुचिता आणि प्रतिष्ठा ही ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती नसलेल्यांपर्यंत स्वतः चालत जावयाचे असते, हा त्या कथेचा अर्थ त्यांच्या अंतःकरणात रुजला.

तथापि, धर्म स्वीकारला म्हणून त्यांनी विवेक गहाण टाकला नाही. सिद्धान्तांविषयी भगिनीसंघातील गुरुजनांशी त्यांचे दीर्घ वाद झाले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर चर्चच्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांना ती मुळीच रुचली नाही. मिळालेले दान कोणाला द्यावे याची मर्यादा इतरांनी आखावी, हे त्यांनी हिंदू समाजात असताना मानले नव्हते. ख्रिस्ती समाजातही ते त्यांनी मानले नाही.

५. शारदा सदन : देण्याची किंमत

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि तीन वर्षांच्या आत त्यांनी तो देश उभाआडवा पालथा घातला. व्याख्याने दिली, शिशुशिक्षणाच्या पद्धतींचा अभ्यास केला. ‘दि हाय-कास्ट हिंदू वुमन’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन भारतातील विधवांच्या शाळेला दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरले. या प्रवासावर त्यांनी मराठीत लिहिलेले ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक १८८९ मध्ये प्रकाशित झाले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. विधवा मुलींना शिक्षण देऊन स्वावलंबी करणे हा त्याचा हेतू होता. येथे शिकलेल्या गोदूबाई या पहिल्या विधवा विद्यार्थिनीशी पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. महर्षी कर्वे यांच्या स्त्रीशिक्षणकार्याच्या इतिहासात या सदनाचे स्थान असे आहे.

सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळली जाईल, असे अभिवचन होते. मुलींना आपापले आचार पाळण्याची मुभाही होती. रमाबाई स्वतः मात्र आपली प्रार्थना दार लावून करीत नसत. काही मुली स्वेच्छेने तेथे येऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने कठोर टीका केली. सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या सहानुभूतिदारांनी १८९३ मध्ये संबंध तोडला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादाचे मूल्यमापन करताना अभ्यासकाने दोन्ही बाजू समजून घ्याव्यात. पालकांनी विश्वासाने मुली सोपविल्या होत्या, आणि परकीय सत्तेच्या काळात धर्मांतराची भीती निराधार वाटत नव्हती. दुसरीकडे, स्वतःच्या जीवनातील सर्वांत मोलाची गोष्ट दाराआड लपवून ठेवावी, हे रमाबाईंना अप्रामाणिकपणाचे वाटत होते. सेवा आणि श्रद्धा यांना वेगळे ठेवावे की नाही, हा प्रश्न त्या काळी सुटला नाही. याचा परिणाम असा झाला की महाराष्ट्रातील सुधारकांचा आधार त्यांना गमवावा लागला, आणि ज्या समाजासाठी ही विद्या खर्च करावयाची होती त्याच्याच मोठ्या वर्गात त्या परक्या ठरल्या. तरीही सदन त्यांनी बंद केले नाही.

याच सुमारास त्यांच्या आध्यात्मिक जीवनातही पालट झाला. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण स्वतः ख्रिस्ताचा अनुभव आपल्याला आला नव्हता, अशी जाणीव त्यांना झाली. यानंतरच्या त्यांच्या कार्यात विद्वत्तेच्या तेजापेक्षा शरणागतीची भावना अधिक जाणवते.

६. केडगाव : दुष्काळातील घर

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. वार्ता ऐकताच रमाबाईंना आपल्या तरुणपणाचे दिवस आठवले. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या. निराधार मुली आणि तरुण विधवा तेथे भुकेबरोबरच दुष्टांच्या तावडीत सापडत होत्या. अशा शेकडो मुलींना त्यांनी आपल्याबरोबर आणले. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते. म्हणून संस्थेच्या उत्पन्नासाठी पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर या मुलींची सोय करण्यात आली. त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. पुढच्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या, आणि १९०० च्या सुमारास तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली.

शारदा सदनात प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवा होत्या. मुक्ती सदनात सर्व जातींच्या मुली एका पंक्तीत जेवू लागल्या. रमाबाईंच्या दानाचे वर्तुळ असे विस्तारत गेले. त्यांच्या कामाची रचनाही पाहण्यासारखी आहे. पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, वृद्ध व अपंगांसाठी प्रीती सदन होते, अंध स्त्रियांसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. मनोरमाबाई परदेशातून ब्रेल लिपी शिकून आल्या आणि त्यांनी अंध मुलींना वाचावयास शिकविले. सकाळी वाचन-लेखन, मग शेती, विणकाम, शिवण, तेलघाणी, दूधदुभते, धुलाई आणि छापखाना, अशी कामे मुलीच करीत. येथे आलेली मुलगी आधी जगविली जाई, नंतर शिकविली जाई, आणि त्यानंतर तिच्यावर दुसऱ्या मुलीची जबाबदारी सोपविली जाई. घेणारीला देणारी करणे, ही या संस्थेची खरी पद्धती होती.

७. बायबलचे भाषांतर : पांडित्याचा अखेरचा विनियोग

विसाव्या शतकाच्या प्रारंभी रमाबाईंनी आयुष्यातील सर्वांत मोठे वाङ्मयीन कार्य हाती घेतले. बायबलचे मराठी भाषांतर पूर्वीच झालेले होते. परंतु त्याची भाषा संस्कृतप्रचुर असल्याने मुक्ती सदनातील अल्पशिक्षित स्त्रियांना ती कळत नसे. शिवाय त्यातील अनेक शब्दांना पूर्वीच्या धर्मकल्पनांचा वास होता, असे रमाबाईंचे मत होते. म्हणून प्रौढ वयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि मूळ संहितेवरून भाषांतर आरंभिले.

भाषेच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. कोलकात्याच्या विद्वानांनी जिला ‘सरस्वती’ म्हटले, जिला हजारो संस्कृत श्लोक पाठ होते, तिने लिहिताना संस्कृत शब्द जाणीवपूर्वक टाळले. खेड्यातील स्त्री घरात बोलते ते शब्द त्यांनी शोधले. पंडिताला अवघड लिहिणे सोपे असते आणि सोपे लिहिणे अवघड. आपल्या विद्येचा ठळक पुरावा वाचकाला दिसू नये, तर मजकूर त्याला कळावा, यासाठी त्यांनी अनेक वर्षे परिश्रम केले. विद्येचे दान करताना विद्येचा अभिमानही दान करावा लागतो, असे या निर्णयाकडे पाहून म्हणता येते.

ही सुलभता निर्दोष होती असे नाही. हे एका व्यक्तीने केलेले भाषांतर होते. मुळाशी काटेकोर राहण्याच्या प्रयत्नात त्यातील वाक्यरचना काही ठिकाणी ओबडधोबड झाली आहे, आणि मराठी चर्चमध्ये पूर्वीच्या भाषांतराची जागा त्याला मिळाली नाही. परंतु मूळ भाषांमधून संपूर्ण बायबल आपल्या भाषेत आणणारी स्त्री म्हणून रमाबाईंचे स्थान असाधारण आहे. या ग्रंथाचे खिळे जुळविणे, छपाई आणि बांधणी ही कामे मुक्ती सदनातील स्त्रियांनीच केली. एकेकाळी दुष्काळात वाचविलेल्या मुलींच्या हातांनी हे पुस्तक सिद्ध झाले.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे निधन झाले. एकुलत्या कन्येच्या वियोगाचे दुःख आणि खालावत चाललेली प्रकृती यांतही रमाबाईंचे मुद्रितशोधन चालू राहिले. ते काम पुरे होण्यापुरते आयुष्य त्यांनी प्रार्थनेत मागितले होते, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. काम संपले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगावी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये वाचकांच्या हाती आला.

समारोप

रमाबाईंच्या चरित्रात एक सातत्य दिसते. त्यांना विद्या मिळाली ती मातापित्यांच्या धैर्यामुळे. त्या विद्येने प्रथम मान मिळविला, मग प्रश्न विचारले, पुढे शाळा काढली, त्यानंतर अन्नान्नदशा झालेल्यांना घर दिले आणि शेवटी सामान्य स्त्रीला कळेल अशा मराठीत ती विलीन झाली. प्रत्येक टप्प्यावर घेणारा वर्ग अधिक उपेक्षित होत गेला, आणि देणारीची प्रतिष्ठा तिच्या दृष्टीने अधिकाधिक गौण होत गेली. ख्रिस्ती विचारातील कारभारीपणाची कल्पना म्हणजे नेमके काय, हे या क्रमावरून स्पष्ट होते.

त्यांच्या धर्मविषयक भूमिकेबद्दल मतभेद होते आणि आजही असू शकतात. परंतु आपल्याला लाभलेला गुण कोणासाठी आहे, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर कृतीने दिले. विद्या घेणाऱ्या प्रत्येकापुढे तो प्रश्न आजही उभा आहे.

स्वाध्याय

१. दुष्काळातील अनुभवाचा रमाबाईंच्या शिक्षणविषयक दृष्टिकोनावर कोणता परिणाम झाला, ते स्पष्ट करा.

२. शारदा सदनाविषयीच्या वादातील दोन्ही बाजूंची चर्चा करा.

३. रमाबाईंच्या बायबल भाषांतरामागील भाषाविषयक भूमिका सांगून तिचे गुणदोष विशद करा.